मुदत

एकाच दिवशी आले दोघं,
एक पुण्याचा, एक बेंगळुरूचा,
सांगलीत गावभागातल्या आमच्या वाचनालयात,
आणि बसले त्याच बाकावर
ज्याचा एक पाय पुरानंतर विटेवर आहे.

पुण्याचा म्हणाला, आमचं यंत्र उन्हातही वाचता येतं.
बेंगळुरूचा म्हणाला, मराठी आमच्याकडं चार हजार.
एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रात उघडत नाही,
हे मात्र दोघांनी एका सुरात सांगितलं.
मी मधे भडंग ठेवलं.

"सव्वीस वाचकांनंतर पुस्तक आपोआप जातं,"
पुण्याच्यानं कागदावर बोट ठेवलं.
कुठं जातं?
"जातं म्हणजे, मुदत संपते."
नदीनं नेली तेव्हा कुठं म्हणून विचारलं नव्हतं आम्ही.
पण नदी निदान पायरी पायरी चढून आली होती,
सगळ्यांच्या देखत.

पुण्याचंच घेतलं, स्वस्त म्हणून. तीन नग.
पहिलं बाबगोंडा मगदूमांना.
साखर कारखान्याच्या काट्यावर जन्म गेला त्यांचा,
आता मोतीबिंदू, आणि रक्तातली साखर उतरेना
म्हणून डॉक्टर हात लावेना.
अक्षर मोठं केलं, आणखी मोठं,
पानावर सातच ओळी राहिल्या
तेव्हा त्यांनी मान वर केली.
"वनमाला, हा तर काट्यावरचा आकडा झाला की!"
चार वर्षांनी माणूस वाचत होता.
खोटं कशाला बोलू?

जानेवारीत बेंगळुरूनं पुण्याला विकत घेतलं.
यंत्रं तीच, आतली कपाटं रिकामी.
पत्र आलं, फार नम्र,
त्यात "अनुभव" हा शब्द पाच वेळा.

मगदूम आले यंत्र रुमालात गुंडाळून,
आजारी कबूतर आणावं तसं.
"त्या बाईचं काय झालं गं? जिंकली का दावा?"

माळ्यावर एक प्रत होती,
गच्चीत अकरा दिवस वाळवलेली,
फुगून दुप्पट, पानोपानी तपकिरी रेघ
जिथवर पाणी आलं तिथवर.
मी मोठ्यानं वाचायला घेतलं.
दुपार गेली, चहा झाला, पोरं पेपर चाळून गेली.
निकालाशी आलो
तर पुढची दोन पानं गाळानं एक झालेली.
ओढली तर दोन्ही जाणार.

"राहू दे," मगदूम म्हणाले,
"तारीख पडली समज."
आणि पुस्तक मांडीवर घेऊन
दोन बोटांनी ती जाड जागा
चाचपत बसले.