बोराएवढी

रजिस्ट्रीच्या खोलीत चौतीस वर्षांचे केसपेपर आहेत
आणि एक नवा फॉर्म. गाठीसाठी त्यात
एक चौकोन, टिंब, आणखी एक चौकोन. पुढे छापलेलं: सें.मी.

रावपुऱ्याच्या डॉक्टर खासगीवाल्यांनी
आयुष्यात कधी सेंटिमीटर लिहिला नाही.
ते लिहीत: डावीकडे, वर, काखेच्या अंगाला,
आवळ्याएवढी.
लिंबाएवढी, सरकत नाही.
वाटाण्याएवढी.
एकदा नुसतंच, मोठी.
स्टेजच्या जागी उभ्या रेघा, दोन की तीन?
तिसरी रेघ आहे की कागदाची घडी,
हे जिगीषा खिडकीच्या उजेडात धरून बघते.
कुठे गुजराती तगडा, कुठे 'पुढे गेलेली',
कुठे 'उशीर', एवढंच.

तेजलमॅडम म्हणतात, अंदाज नको.
एकच माप, एकच शब्द, सगळीकडे,
नाहीतर पादऱ्याची बाई आणि पुण्याची बाई
एका तक्त्यात शेजारी बसवायच्या कशा?
आणि शेजारी बसवल्या नाहीत
तर कोण किती जगलं, कशानं, हे कळणार कधी?
मला पटतं ते. वाद नाहीच.

म्हणून शनिवारी मी
मुलाचा व्हर्नियर घेऊन खंडेराव मार्केटात गेले.
वाटाणा: आठ मिलिमीटर. टी-एक.
आवळा: तीन पूर्णांक दोन. टी-दोन.
लिंबू चार. तेही दोनमध्येच,
'सरकत नाही'ला मात्र वेगळा रकाना.
भाजीवाली म्हणाली, बेन, लेवुं छे के मापवुं छे?
मी पाव किलो घेतली. सगळंच पाव-पाव किलो.

अडलं ते बोरापाशी.
चण्यामण्या बोर दीड सेंटिमीटर भरतं,
कलमी बोर साडेतीन,
आणि टी-एकची हद्द बरोब्बर दोनवर.
ती रेघ बोरांच्या टोपलीतूनच जाते.
सत्तावन्न बायका तिथे उभ्या आहेत,
अलीकडे की पलीकडे, माहीत नाही.

कारेलीबागेत खासगीवाल्यांचे कंपाउंडर राहतात, नटुभाई,
ऐकू कमी येतं, आठवतं सगळं.
म्हणाले, अठ्ठ्याऐंशी साली कलमी बोर कुठलं!
बोर म्हणजे चण्यामण्या.
मी वहीत लिहायला घेतलं, टी-एक, सत्तावन्न.
चहा फुंकत ते पुढे म्हणाले:
पण साहेब मापायचे नाहीत हं.
विचारायचे, बाई, तुम्हाला केवढी वाटते?
ती म्हणेल ते फळ लिहायचे.
आणि बाया, सांगू का,
नेहमी एक फळ लहान सांगायच्या.

परतताना रिक्षात पिशवी मांडीवर.
आवळ्याचं लिंबू झालं होतं आता,
बोराचा आवळा झाला होता,
वाटाण्याचं काय झालं असेल, मोजलं नाही.

सोमवारी सत्तावन्नच्या पुढे एक्स लिहिला.
पुढचे दोन दिवस बाकीच्यांच्याही.
एक्स म्हणजे शून्य नव्हे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.
एक्स म्हणजे मापलेलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात:
'बोराएवढी, रुग्णाच्या शब्दांत.'
मॅडमनी वाचलं. ठीक आहे, म्हणाल्या,
पण तक्त्यात शेरा येत नाही, माहीत आहे ना.

एक पेपर अजून बाजूला ठेवलाय.
रेवाबेन, वय एकेचाळीस, पादरा.
आधी बोर लिहिलंय, मग खोडून आवळा,
मग तेही खोडून पुन्हा बोर,
आणि समासात डॉक्टरांचं बारीक अक्षर:
बाहेर नवरा बसला आहे.
यातलं कुठलं नोंदवू?
जिगीषा म्हणते, एक्स टाक आणि जेवायला चल.
टाकीन.
व्हर्नियर मात्र आज मुलाला द्यायला हवा,
उद्या त्याचं प्रॅक्टिकल आहे,
आणि त्याच्या दातात अजून
बोराची साल अडकली आहे.