अर्थ लागत नाही

सावर्ड्याच्या पुलाआधी, बंद पडलेल्या खाण-ट्रकांच्या रांगेमागे
इनासचं गॅरेज : चार पत्रे, एक फणस
आणि फणसाला टांगलेली ट्यूबलाइट.
जीप ढकलतच आणली. मी, शिपाई गोकुळदास
आणि चौथीतली दोन मुलं,
जी ढकलण्यापेक्षा लोंबकळतच जास्त होती.

काय होतंय, त्याने विचारलं.
चावी फिरवली की कण्हते, मी म्हटलं.
दिवे लावले की मान टाकते.
ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर पेटतो.
हॉर्न, त्याला वाटेल तेव्हा.
"आनी?"
आणि स्टार्ट करताना स्टॉपरची तार तापते.
काल बोट भाजलं.

तिथे तो थांबला. आधीचं काही
ऐकलंच नव्हतं जणू.

तरी डॅशबोर्डामागे हात घालून
त्याने एक घरटं बाहेर ओढलं.
लाल, निळ्या, पिवळ्या, म्हणजे एके काळी.
आता खाणीच्या धुळीने सगळ्या एका गोत्राच्या.
ही जाड, कंपनीची.
ही खाणीवरच्या साहेबाने टपावरल्या फिरत्या दिव्यासाठी नेलेली;
दिवा कधीच गेला, तार अजून वाट बघतेय.
ही जत्रेच्या कर्ण्याची. हिला जखमेची चिकटपट्टी.
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
ज्याने त्याने आपापली वेळ भागवली,
मागच्याचं कुणी पुसलं नाही.
वह्या तपासताना असं अक्षर भेटतं मला,
खोडलेल्यावर लिहिलेलं.

सगळं काढून नवं घालायचं का?
"कित्याक? वायर फटयना, बाय. जोड फटयता."
तार खोटं बोलत नाही. बोलतो तो सांधा.

त्याचं यंत्र म्हणजे एक बल्ब, दोन वायरी,
एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला दाभण.
चिमटा बॅटरीला लावला. दाभण बॉडीला टेकवलं : लख्ख.
इंजिनाला टेकवलं :
मोतीबिंदू झालेला उजेड.
"येता ती सारकी येता," तो म्हणाला,
"परत वचपाक वाट ना. हांगा आर्थ ना."

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहितेय,
खालील ओळींचा अर्थ सांगा.
मुलं कौलांकडे बघतात.
अर्थ लागत नाही, बाई.
मीही वरच बघत आले.

इंजिन रबरावर बसवलेलं असतं, तो सांगत होता,
हादरे बॉडीला पोचू नयेत म्हणून.
पण मग दोघांत एक विणलेली पट्टी लागते, तांब्याची.
ती कुजली तर वीज बसून राहत नाही,
सापडेल त्या वाटेने घरी जाते.
म्हणजे आठवडाभर ही गाडी चालू होत होती
बंद करायच्या तारेतून.

तो गोणपाट टाकून खाली सरकला.
बराच वेळ नुसतं खरवडणं ऐकू आलं.
धूळ तांबडी, गंज तांबडा,
कुठे कोण संपतं ते त्यालाही कळत नसावं.
मग रुपयाएवढी जागा निघाली, पांढऱ्या लोखंडाची.
तिच्यावर नवी पट्टी, बोल्ट, बोटभर ग्रीस.
चावी फिरवली.
फणसावरचे कावळे उडाले.

"दोनशें. पट्टेचे.
खरवडपाचे कितें घेवपाचे?"

आणि ब्रेक, इंडिकेटर?
"तें फाटल्या लायटीचें वेगळें. सोमारा हाड."

असे पाच सोमवार झाले.
नेत्रावळीच्या चढणीवर ब्रेकला पाय लावला
की जीप अजून सांगते, मी डावीकडे वळतेय.
डावीकडे नुसती दरी.
मागून मुलं ओरडतात, बाई, खंय?
सरळच रे, म्हणते मी,
आणि स्टॉपरला हात लावून बघते.
थंड.