तिरकं लेबल

दिवसाला सातशे लेबलं शिवते मी,
अक्कलकोट रोडला, खिडकीपासून तिसऱ्या मशीनवर.
अकरा वर्षांत लेबलावरचा शब्द वाचला नव्हता,
सरळ बसला का, एवढंच बघायचं.

परवा हँबुर्गचे म्हातारे साहेब आले माल तपासायला.
मापं घेतली, एक टॉवेल बादलीत बुडवून पिळला,
मग माझ्यापाशी थांबून लेबलावर बोट टेकलं
आणि हसले.

दुभाषी पोरगी म्हणाली,
ते म्हणतात, हा शब्द मूळचा आमच्याकडचा.
फार जुना. थ्वाहन. म्हणजे धुणं.
(थ्वा म्हणताना तोंडावर चूळ उडाल्यासारखं वाटतं.)
त्यावरून धुतल्यावर पुसायचं फडकं.
ते फ्रान्सात गेलं, तिथं त्याचा थ झिजून त झाला,
तिथून समुद्र ओलांडून इंग्रजांच्या खुंटीवर.

आणि तुमच्याकडं? मी विचारलं.
आमच्याकडं आता नुसतं हाताचं कापड म्हणतात.
दक्षिणेला, डोंगरात माझी एक आत्या होती,
ती म्हणायची त्स्वेले.
आत्या गेली.
साहेबांनी ओला टॉवेल नीट घडी करून ठेवला,
ओल्याची कुणी घडी करतं का?

रात्री विडी घरकुलात आई ओरडली,
तुव्वालु कुठं टाकलीस गं?
आम्ही घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
पण हा शब्द मला एकदम परका वाटला.
पोरीला फोन लावला. ती जरा वेळानं म्हणाली,
तोही त्यातलाच असणार,
पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेला.

म्हणजे एकाच घरातून निघालेली दोन भावंडं,
एक लंडनवरून आलं, एक खाऱ्या पाण्यातून,
आणि आमच्या एका खिळ्यावर लटकतायत,
एकमेकांना ओळखत नाहीत.

खिळ्यावरचा टॉवेल नापास मालातला.
लेबल तिरकं बसलेलं. माझ्याच हातचं.
पगारातून बारा रुपये कापले होते.

पहाटे अडीचला नळ फुसफुसला. पाचवा दिवस.
आधी पिंप, मग कळशा, मग हंडा,
सगळ्यात शेवटी उरलं तेव्हा
आईनं तोंडावर पाण्याचा हबका मारला.
थ्वाहन, मी म्हटलं.
काय?
काही नाही. धर.