साल

कॅथरिनला ऑक्टोबरात ढग नुसते उभे राहतात,
दारात, पाहुण्यासारखे, चपला न काढता.
स्टामाटिस पहाटे ट्रकच्या टपावर चढतो,
पूर्वेकडे नाक करून वास घेतो,
आणि म्हणतो, तोडा. किंवा म्हणतो, थांबा.

सोमवारी म्हणाला, तोडा.
रात्री अडीचला पत्र्यावर वाजलं होतं,
वीसच मिनिटं. तरी म्हणाला,
मंगळवारी दुपारी ट्रक निघायचा होता.

फळं पाणी पिऊन टच्च.
एरवी देठ मोडला की चीक ओघळतो,
त्या दिवशी पिचकारी उडाली:
फेलिस्मिनाच्या मनगटावर, माझ्या हनुवटीवर,
आणि शेजारच्या फळाच्या गालावर,
जिथे लाली नुकती कुठे चढत होती.
आम्ही धुतलं. स्वतःला नंतर, फळांना आधी.

झेलिंदा, तोडताना काही म्हणता काही दिसत नाही.
पेटीत घातली तेव्हा तोंड बघावं अशी होती.
दोन दिवसांनी शीतगृहाचं दार उघडलं,
तर सालीच्या ज्या बारीक भोकांतून फळ श्वास घेतं
नेमकी तीच भोकं काळी,
कुणी शाईचं पेन झटकल्यासारखी.

पट्ट्याशेजारी दोरीला मापाचं कार्ड लटकतं.
डाग नखाएवढा, चालेल.
अंगठ्याएवढा, दोन नंबर.
त्याहून मोठा, रसाला.
सकाळी सातपासून मी तेवढंच म्हणतेय,
रसाला, रसाला,
आणि घाईत कार्ड माझ्याच मनगटावर पडलं,
चिकाने भाजलं होतं तिथे.
रसाला.
फेलिस्मिना इतकी हसली की पट्टा थांबवावा लागला.

बाउकावला घरामागच्या झाडाखाली
पाऊस उघडला की आपण धावायचो
डुकरांच्या आधी.
डाग कुणी पाहिले होते?
आई हुंगायची, आणि हुंगून वाटे करायची.
इथे नाकाचं काम फक्त स्टामाटिसला,
तेही आभाळापुरतं.

संध्याकाळी तो शेडमध्ये आला.
रसाच्या टाकीतून एक उचललं, अगदी ठिपक्याठिपक्यांचं,
खिशातल्या सुरीने एका दमात साल काढली,
लांब, न तुटता, बुटांपर्यंत.
आतला गर पिवळाधमक, कुठे काही नाही.
अर्धा त्याने खाल्ला, अर्धा मला दिला, बोलला नाही.
बोलणार काय?
एवढ्या पातळ सालीपायी
त्याचं सगळं साल गेलं होतं.

रस मनगटावरून कोपरापर्यंत आला.
भाजलेल्या जागी झोंबला.
गोड होता गं, फार गोड,
पैसे या महिन्यात थोडे कमी पाठवीन.

आज पहाटे तो पुन्हा टपावर.
ढग तसेच, दारात.
आम्ही पंधराजण हातमोजे चढवून खाली उभे,
आणि त्याचं नाक अजून वरच आहे.