राखाडी

दिदुबे स्टेशनच्या भुयारी वाटेत माझं दुकान.
दुकान कसलं, काचेचं कपाट, आणि आत मी.
डावीकडे मोजे विकणारी लामारा,
उजवीकडून राजमा भरलेल्या रोट्यांचा वास,
वरून बस गेली की
ताटलीतले स्क्रू थरथरतात.

लोक नवाकोरा फोन घेऊन येतात, तोंड पाडून.
"बद्री, आठच महिने झाले. बघ, भूत दिसतंय."
मी काही विचारत नाही.
पडदाभर राखाडी रंग लावतो,
धड उजेड नाही, धड काळोख नाही,
तिबिलिसीच्या मार्चातल्या आभाळाएवढा.
मग फोन आपणहून बोलायला लागतो.

नुगझारच्या टॅक्सीचा बाण, भाड्याची पट्टी.
वाखोच्या फोनवर पत्त्यांचे सात ढीग
(बायकोला सांगितलेलं: ऑफिसचं काम).
एका पोरीचा नुसताच कीबोर्ड,
त्यावर एक शब्द नाही.

"जळलं का हो?"
जळत नाही, दमतं.
तिथले ठिपके तेच ते दाखवून लवकर म्हातारे झाले.
डाग म्हणजे काही वरून लागलेलं नाही,
तेवढ्या जागचा उजेड खर्च झालाय, इतकंच.
"मग फरक पडतो?"
नाही पडत. पांढऱ्यावर जरासं, काळ्यावर मुळीच नाही.
फोटो बघा, सिनेमे बघा, चार दिवसांत विसराल.
चारशे लारी वाचले म्हणून माणूस हसत जातो.
हे उत्तर मला पाठ आहे,
आणि बहुतेक वेळा खरंही.

गुरुवारी गेगा आला. दहाचा असेल,
खांद्यावर दप्तर, एका बुटाची नाडी सुटलेली.
आई इटलीत, बारी गावात,
कुणाच्या तरी वडिलांचं अंथरूण-पांघरूण करते.
संध्याकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा,
ती तिकडे स्वयंपाक करणार, हा इकडे गणितं.
"बोलता काय एवढं?"
"बोलत नाही. चालू असतो नुसता."

राखाडी लावला.
खाली एक गोल: फोन ठेवायचं बटण.
लाल होतं, पण लालच तिथे दमलेलं,
म्हणून आता निळसर हिरवं, जुन्या माराच्या वळासारखं.
कोपऱ्यात बारीक रेघेचा चौकोन.
आणि मधे, जिथे ती असायची,
काही नाही. स्वच्छ.

"आई कुठंय?"
"जे हलतं ते उरत नाही, बाळा."
त्यानं मान डोलावली, हिशोब जुळल्यासारखी.
"ती सारखी उठते. भांडं बघायला."

मग मोठ्या माणसासारखं विचारलं,
"फरक पडतो का?"
पाठ असलेलं उत्तर
अर्ध्यात कुठेतरी अडकलं.
"फक्त बटण काढता येईल?
चौकोन राहू दे. त्यात मी असतो."
पडदा अख्खा बदलतो रे, तुकड्यानं नाही.
मी दोन्ही हातांनी दाखवलं, केवढा.
त्यानं बाहीनं काच पुसली,
"मग राहू दे," म्हणाला, आणि नाडी तशीच सुटलेली,
दोन-दोन पायऱ्या चढत वर उजेडात गेला.

"किती घेतलेस?" लामारानं विचारलं.
"काही नाही."
"मग भाडं काय तुझा काका भरणार?"

रात्री काच ओढायच्या आधी
माझ्याच फोनवर राखाडी लावला. पहिल्यांदाच.
नीट वापरतो मी: उजेड कमी, पट्ट्या लपवलेल्या,
कामापुरता चालू, काम झालं की बंद.
डाव्या कोपऱ्यात तेवढी घड्याळाची जागा,
सगळ्या वेळा एकमेकींवर बसून
एकही वाचता न येणारी.
बाकी कुठे काही नाही.
गिऱ्हाईक असतं तर म्हटलं असतं, वा, अगदी नव्यासारखा.

पलीकडे लामारा मोज्यांची पेटी ओढत होती,
फरशीवर खरखर, खरखर.
अकरा वर्षं ऐकतोय.
आज उठून एक बाजू धरली.