वाऱ्याहून थोडं जड

आमच्या पुंता आरेनासमध्ये वसंत आला
की चौकाच्या कडेनं दोऱ्या बांधतात,
कपडे वाळत घालायला नव्हे,
माणसांनी धरून चालायला.
गेल्या नोव्हेंबरात माझा हात दोरीपर्यंत पोचलाच नाही.
वाऱ्यानं मला तीन पावलं मागं नेलं
आणि नोटरीच्या पायरीवर बसवलं,
पाहुणीला बसवावं तसं, अदबीनं.
डझनभर अंडी फुटली.
मनगट फुटलं नाही, एवढंच.

बावन्न वर्षं. चौसष्ट किलो.
डॉक्टरीणबाई हाडांचा कागद पुढं सरकवून म्हणाल्या,
"एदुविना, जाळी विरायला लागलीय.
गोळ्या देते. आणि काहीतरी जड उचला."
मी म्हटलं, जन्मभर तेच केलं की.
त्या हसल्या नाहीत.
"ते नव्हे. लोखंड."

जिम म्हणजे बंदराजवळची लोकरीची जुनी वखार.
भिंतींना अजून मेंढ्यांच्या चरबीचा वास,
ओल आली की जास्तच.
शिकवणारा इस्माएल, माझ्या थोरल्याच्या वर्गातला,
आमच्याकडं पाव-लोणी खाऊन वाढलेला.
पहिल्या दिवशी त्यानं हातात झाडूची काठी दिली.
"ही घरी आहे माझ्या," मी म्हटलं.
"घरी तुम्ही पाठीतून वाकता. इथं कमरेतून वाका.
समजा, दोन्ही हातांत ताटं आहेत
आणि मागचं दार ढुंगणानं लोटायचंय."
दार मला लगेच कळलं.
दारं मी अशीच उघडत आलेय.

दुसऱ्या दिवशी संडासात बसताना
आठवतील तेवढ्या संतांची नावं घेतली.
उठताना उरलेल्यांची.

पोस्टात पार्सलं तोलण्यात माझी तीस वर्षं गेली.
वजन म्हणजे नेहमी दुसऱ्याचं:
काटा बघायचा, तिकीट लावायचं, धाडून द्यायचं.
हे लोखंड कुठंच जात नाही.
उचला, ठेवा, ते तिथंच.
कुणाचा पत्ता नाही त्याच्यावर.
पहिले दोन महिने मला याचाच राग यायचा.
मग एका मंगळवारी, पंचवीस किलोंना,
राग यायचा राहून गेला.

बाबा माळावरच्या कुरणांत मेंढ्या भादरायचे.
दिवसाला शंभराच्या वर.
गुडघ्यांत मेंढी, मान खाली,
घाम तिच्या लोकरीत.
साठीला आले तेव्हा ते काटकोनातच राहिले.
घरात चालायचे ते काहीतरी हरवल्यासारखे,
जमीन शोधत.
पेटीत निजवताना सुताराला
त्यांच्या गुडघ्यांखाली उशी द्यावी लागली.

हे मी इस्माएलला सांगितलेलं नाही.
तो लांबूनच ओरडतो, "पाठ सरळ!"
मी करते.
एकटीपुरती करत नाही, पण ते त्याला कशाला सांगू?

नवरा विचारतो, या वयात कुणाला दाखवायचंय?
पिठाचं पोतं दाराशी पडलं होतं,
तो चपला शोधेपर्यंत मी आत आणून ठेवलं.
त्यानंतर त्यानं विचारलं नाही.
उलट परवा शेजारच्या बार्रियाला सांगत होता, "चाळीस उचलते आमची,"
जणू बारखाली अर्धा हात त्याचाच होता.
गुडघे कुरकुरतात अजून. आरशाच्या बाजूला मी उभी राहत नाही.
डावा खांदा कधी ऐकतो, कधी नाही.

काल चौकात वारा परत भेटला.
तोच कोपरा, तीच नोटरीची पायरी.
दोरी धरली होती मी, एवढी काही मी वेडी नाही.
तरी त्यानं ढकललंच.
टाचा रोवल्या, कमरेतून वाकले,
हातांत ताटं असल्यासारखी
पाठीमागं जे काही होतं ते लोटलं.

एक पाऊल मागं गेले.
एकच.

घरी येऊन अंडी मोजली. अकरा शाबूत.
बारावं दुकानातच तडकलेलं असणार.