दारातलं तळं

नोल्बेर्तो चौदा दिवसांनी घरी येतो,
केयोनच्या धक्क्यावरून, शेवटच्या बसने.
अंगाला सॅमनच्या खाद्याचा वास.
गमबुटांचा आवाज फाटकापाशी आला
की पुल्गा उठते.

पुल्गा म्हणजे पिसू. नाव धाकटीने ठेवलं.
मासळीबाजारामागे सापडली तेव्हा
ती मूठभर होती,
आणि पिसवा तिच्याहून जास्त.

ती धावते. नुसती शेपूट नाही हलत,
कमरेपासूनचं सगळं कुत्रं हलतं.
मग त्याच्यापासून हातभर अंतरावर,
आतला दोरा कुणी ओढावा तशी
बसकण मारते. कान मागे, नजर भिंतीकडे,
आणि फळ्यांच्या जमिनीवर
एक कोमट तळं पसरत जातं,
फटींतून खाली, रचलेल्या सरपणावर.

"परत!"
तळं मोठं होतं.
तो बोट रोखतो, वाकतो.
ती उताणी. आता पोटावरही ओघळ.
मी फडकं आणते.
चार वर्षं त्याचं घरी येणं म्हणजे हेच :
बूट, आरडाओरडा, फडकं,
आणि मग जेवायला काय आहे.

कास्त्रोच्या डॉक्टरीणबाईंनी
तिचं पोट चाचपलं, म्हणाल्या, ठणठणीत आहे.
पिल्लू असताना आई उलथं पाडून चाटते,
तेव्हा कुठे त्याला मुतता येतं.
मोठेपणीही कुणी धिप्पाड समोर आला
की अंग तेच जुनं वाक्य बोलतं :
मी लहान आहे. माझ्याशी भांडू नका.
"तुम्ही ओरडता,
तिला वाटतं तुम्हाला ऐकू गेलं नाही.
म्हणून ती पुन्हा सांगते. जरा मोठ्याने."

आणि नुसता आनंद झाला तर?

"आनंदाला वेगळा नळ दिलेला नाही, बाई."

मी हे सगळं त्याला सांगितलं.
तो म्हणाला, डॉक्टरांना काय, जमीन आपली.

रविवारी ऐन जेवणात फोन वाजला.
मुकादम एवारिस्तो.
नोल्बेर्तो उभा राहिला. स्वतःच्या स्वयंपाकघरात,
जिथं त्याला बघायला मी आणि कुत्री.
त्याने टोपी काढली.
हो साहेब. नाही साहेब.
मग कशाला तरी हसला, उगाच, बारीक,
असं हसताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.
चूक माझीच साहेब, जाळं मीच बघायला हवं होतं.

जाळं समुद्रसिंहांनी फाडलं होतं.
त्या रात्री तो पाळीवरही नव्हता.
हे त्यानेच मला सांगितलं होतं आदल्या दिवशी,
टेबलावर मूठ आपटून.

लोखंडी चुलीमागून पुल्गा बघत होती,
मान कलती करून,
परक्या गावात आपली बोली
कानावर पडावी तशी.

फोन ठेवून तो बसला. टोपी हातातच.
रस्सा गार झाला होता.
मी सवयीने उठले,
पण फडक्याने पुसता येईल
असं तिथं काही नव्हतं.

पुढच्या खेपेला
गमबुटांचा आवाज आला नाही.
खिडकीतून पाहिलं तर फाटकाबाहेर, पावसात,
एका पायावर उभा राहून बूट उतरवतोय.
आत आला तो कडेकडेने, चोरासारखा,
आमच्याकडे पाठ करून ओंडक्यावर बसला
आणि बटाटा सोलू लागला.
एक हात खाली सोडलेला, तळवा वर.
तिच्याकडे बघेना. माझ्याकडेही.

पुल्गा थबकली.
हा माणूस कोण? वास तर तोच.
आधी ओला मोजा हुंगला.
मग दुसरा मोजा.
मग हनुवटी आणून
त्या तळव्यावर ठेवली, पूर्ण वजनानिशी.

जमीन कोरडी.

दोन बटाटे सोलून होईपर्यंत तो गप्प राहिला.
मग राहवलंच नाही त्याला, उठून ओरडला,
"बघ! बघितलंस का!"

आणि झालं.

तो तळ्याकडे बघत राहिला.
तळं सावकाश फटीकडे निघालं होतं.
"फडकं कुठं असतं?" त्याने मला विचारलं,
हळू आवाजात, तिला ऐकू जाऊ नये असं.
चार वर्षांत पहिल्यांदा.